कड्यावरचे भुंगे

शिमग्याची पालखी वरच्या आळीला जायची होती त्याच्या आदल्या दिवसापासून हेदकोंडच्या कड्यावरचे भुंगे पुन्हा काळे होऊ लागले, आणि गावाने पुन्हा वृषाली धाडवेलाच शिव्या घातल्या.

"झालं का हिचं सुरू?" होळीच्या माळावर मांडव बांधणारा एकजण म्हणाला. "आता म्हणेल, घरं सोडा नि शाळेत जाऊन बसा."

"शाळेत जेवण चांगलं देतात पण," दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले.

वृषालीने ऐकलं आणि ऐकलं नाही. ती हात डोळ्यांवर आडवा धरून वर बघत होती. गावाच्या माथ्यावर जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे सपाट उघडं पठार, सड्याच्या कडेला उभा तुटलेला कडा, कड्याच्या पायथ्याशी वरची आळी. कड्याच्या उतारावर ताटाएवढ्या पिवळट पाट्या ओळीने ठोकलेल्या होत्या. त्यांतल्या काही दिवाळीपासूनच काळ्या होत्या, त्यांचं कुणाला काही वाटत नव्हतं. पण कालपासून आणखी पाट्या काळवंडत होत्या. एकीखाली एक, तिरक्या रेषेत, वरून खाली.

या पाट्यांना गाव भुंगे म्हणत असे, त्याला कारण होतं.

अमेरिका खंडाच्या उष्ण जंगलांत हर्क्युलस नावाचा भुंगा राहतो. नर शिंगासकट मोजला तर जवळजवळ वीतभर भरतो. एक शिंग छातीतून पुढे आलेलं, दुसरं डोक्यातून वर वळलेलं. दोन्हींच्या मध्ये तो प्रतिस्पर्ध्याला सांडशीत धरावं तसा धरतो, उचलतो आणि फांदीवरून खाली टाकतो. मादीला शिंग नसतं. अळी दीड-दोन वर्षं कुजक्या लाकडात वाढते, भुंगा होऊन मात्र काही महिनेच जगते. पण शास्त्रज्ञांना त्याच्या शिंगापेक्षा पाठीने अधिक वेड लावलं. हवा कोरडी असली की त्याचे पंख झाकणारं कवच पिवळट दिसतं. दमट झाली की तेच कवच काळं होतं. का होतं यावर अजून एकमत नाही. कसं होतं ते मात्र कळलं आहे. वर पारदर्शक थर, त्याखाली स्पंजासारखा भोकाभोकांचा थर, आणि त्याच्याखाली काळा. भोकांत हवा असेल तर प्रकाश तिथूनच परततो आणि आपल्याला पिवळा रंग दिसतो. भोकांत पाणी शिरलं की ओल्या कागदातून पलीकडचं दिसावं तसा खालचा काळा दिसू लागतो.

पुण्याच्या प्रयोगशाळेत वृषालीच्या गटाने हा मधला थर कोळंबीच्या सालींपासून तयार केला. पाटीच्या मागून एक पोकळ नळी डोंगरात खोल गेलेली असे. आतल्या मातीतली ओल ती पाटीपर्यंत आणून पोचवायची. माती कोरडी, पाटी पिवळी. माती पाणी प्यायली, पाटी काळी. बॅटरी नाही, सिमकार्ड नाही, मुख्यालयातून बंद करायचं बटण नाही. "हिला गप्प बसवता येत नाही," असं वृषाली भाषणात सांगायची, आणि कडे कोसळून गावं गाडली जाण्याची धास्ती घेतलेल्या सरकारी लोकांना ते फार आवडायचं.

पहिल्या पाट्या बसवल्या त्या तिच्या स्वतःच्या गावात. तेव्हा तिने एक जिवंत नर शाळेत आणला होता. पिकलं केळं चोखत तो टेबलावर बसला होता. पाण्याचा फवारा मारून खोक्यात ठेवला आणि थोड्या वेळाने काढला, तर काळाकुट्ट. कुणीतरी बोट लावताच तो फुत्कारला आणि पहिली रांग दुसऱ्या रांगेच्या मांडीवर जाऊन पडली. माडाच्या बागा असलेले एक आजोबा पुढे येऊन, चष्मा वर करून बघत म्हणाले, "हा तर माझ्या माडांचे कोंब खाणाऱ्या गेंड्या भुंग्याचा बापूस!" तेव्हापासून पाट्यांचं नाव भुंगे पडलं.

मग दसरा आला.

हेदकोंडात दसऱ्याला राबणाऱ्या प्रत्येक वस्तूची पूजा होते. कोयते, मोटारसायकली, पाण्याचे पंप, पोरांचे लॅपटॉप. वृषालीच्या वहिनीने, प्रणालीने, बायका गोळा केल्या आणि म्हणाली, "जे वर्षभर आपली राखण करतात त्यांना कोरडं ठेवायचं?" बायका शिड्या लावून कड्यावर चढल्या. हात पोचला तिथवरच्या पाट्या धुतल्या, चकाकी यावी म्हणून खोबरेल चोपडलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. वहिनीने फोटो पाठवला. वृषालीने उलट हात जोडल्याचं चित्र पाठवलं. पदवी होती, प्रयोगशाळा होती, आणि तरी तेल भोकांत शिरलं की पाण्यासारखंच काळं दिसणार हे तिच्या डोक्यात आलं नाही.

दिवाळीनंतर पाट्या काळ्या पडल्या. वृषालीच्या सांगण्यावरून तालुक्याने सायरन वाजवला, वरची आळी शाळेत हलवली, तपासणी झाली, डोंगर ठणठणीत कोरडा. संक्रांतीच्या सुमारास तेल आणखी मुरलं आणि तेच पुन्हा. त्या दुसऱ्या पळापळीत वरच्या आळीतल्या सीताकाकू पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवरून घसरल्या आणि त्यांचा खुबा मोडला. त्याच थंडीत एका सकाळी वृषालीला खूण सापडली. तेलाने काळ्या झालेल्या पाट्यांवर पहाटेच्या गारव्यात पांढुरकी साय धरत होती, कारण खोबरेल थिजतं. उन्हं आली की साय विरघळे. तिने अहवाल पाठवला, पाट्या बदलायला सांगितलं. पाट्या आल्या नाहीत. गावाने मात्र निकाल लावून टाकला होता. भुंगे खोटं बोलतात.

पालखीच्या त्या दिवशी दुपार होता होता तिने तालुक्याच्या आपत्ती कक्षात निमकर साहेबांना फोन लावला.

"मॅडम, तेलच असणार," ते म्हणाले. "तुमच्याच अहवालात आहे, हळूहळू मुरतं म्हणून."

"कालपासूनच्या पाट्या एका रेषेत काळ्या होतायत साहेब. तेल रेषेत मुरत नाही. पाणी मुरतं. मला सायरन द्यायचाय."

"सणाचा दिवस आहे. मुंबईहून लोक आलेत. तिसऱ्यांदा खोटा सायरन झाला तर मी वर काय उत्तर देऊ? म्हणून सायरनची वायर कालच काढायला लावली."

"कुणाला विचारून?"

"कुणाला म्हणजे?" साहेब खरंच गोंधळले. "मलाच विचारून."

तिने फोन ठेवला आणि गोळेवाल्याच्या गाडीकडे गेली.

थोड्या वेळाने ती टॉवेलात बर्फाचा तुकडा गुंडाळून आपल्या थोरल्या भावापुढे उभी होती. रुपेश पालखीच्या पुढच्या दांडीचा भोई. पांढरा सदरा, कमरेला तांबडा शेला, अनवाणी, दिवसभराचा उपास. एरवी तो सड्यावरच्या डेटा सेंटरमध्ये सुपरवायझर होता. तिथली यंत्रं थंड ठेवायला कंपनीने सड्यावर मोठं तळं बांधलं होतं, आणि त्या जमिनीच्या करारावर गावातर्फे पहिली सही त्याचीच होती.

"दादा, माझ्याबरोबर कड्यापर्यंत चल."

"आता? निशाण निघायची वेळ झाली."

"तू नाय आलास तर मी इथं मांडवात ओरडून सांगेन. काय ते तूच ठरव."

तो आला. वृषालीने एका जुन्या काळ्या पाटीवर बर्फ दाबून धरला. काढला तेव्हा तिथे दुधावरच्या सायीसारखा पांढरा डाग उमटला होता.

"हे वहिनीचं तेल," ती म्हणाली. मग चार पावलं चालून कालच काळ्या झालेल्या पाटीवर बर्फ धरला. बराच वेळ. बोटं बधिर झाली. पाटी काळी ती काळीच.

"दव असेल," रुपेश म्हणाला.

"फाल्गुनातल्या भर दुपारी?"

त्याने पाटीवर स्वतःचं बोट घासून बघितलं.

"तळ्यात रोज जास्तीचं पाणी भरावं लागतंय ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाय. आता तू सांगितलंस."

रुपेशने शेल्याने घाम पुसला. "ऊन बघतेस ना किती हाय. आटतंय, असं इंजिनियर म्हणतात."

"आटून वर जातंय की झिरपून खाली येतंय, हे हा सांगतोय." तिने पाटीवर बोट ठेवलं. "जांभ्याखाली चिकणमाती हाय दादा. पाणी प्यायली की लोण्यासारखी होते. वरचा दगड मग कशावर उभा राहणार?"

"ते तळं माझ्या सहीनं झालंय, विशू."

"म्हणून तर पहिलं तुला दाखवलं."

तो खाली आळीकडे बघत राहिला. प्रत्येक अंगणात सडा घातलेला, रांगोळी काढलेली, दारात केळीचे खुंट. "हे बघ, पालखी वर फिरून येऊ दे. आरती झाली की मी स्वतः एकेकाला खाली आणतो. दिवेलागणीपर्यंत."

त्याच वेळी त्यांच्या डोळ्यांदेखत खालच्या एका पिवळ्या पाटीची कड काळवंडू लागली. कागदाला आगीची धग लागावी तशी काळी रेघ आत आत सरकत होती.

"कड्याला आरतीची वेळ माहीत नाय," वृषाली म्हणाली.

"तुला लहानपणापासून शिंगं फुटलेली," रुपेश चिडून म्हणाला आणि पाखाडी उतरून गेला. ढोल वाजू लागला होता.

ती वरच्या आळीत घरोघर हिंडली. प्रत्येक घर चाकरमान्यांनी भरलेलं. कुणी तिच्या हातात चहा दिला, कुणी पुरणपोळी, निघायला तयार कुणीच नाही. डोळ्यांवर प्रक्षेपणाचा चष्मा चढवलेला एक भाचा म्हणाला, "आत्या, दुबईला काकांना पालखी दाखवायचीय. देव घरात येऊन गेला की लगेच निघू. प्रॉमिस."

सीताकाकू ओटीवर खाटेवर पडल्या होत्या. नवं लुगडं, हातात ओटीचं ताट.

"काकू, मी उचलून नेते तुम्हाला."

"मागल्या टायमाला तुझ्या त्या सायरनने माझा खुबा नेला. आता काय नेतेस?"

"काकू, या वेळी तेल नाय. पाणी हाय."

"असेल. नाय म्हणत नाय मी." काकूंनी ताट छातीशी धरलं. "पण वर्षातून एकदा देव दारात येतो. तो येताना घर सोडून जाऊ? त्याने कुणाच्या दारात उभं राहायचं, तुझ्या भुंग्याच्या?"

वृषाली मागे वळली. पायरी उतरताना तिला कळलं की काकूंनी तिला उत्तर दिलं होतं. ही माणसं सायरनने हलणार नव्हती, साहेबाच्या हुकमाने नाही, बर्फाच्या तुकड्यानेही नाही. ती देवाची वाट बघत होती. म्हणजे देव जिथे थांबेल तिथे ती येणार.

वरच्या आळीला पालखी न्यायला एकच वाट, जांभ्याची अरुंद पाखाडी. वृषाली तिच्या तळच्या पायरीवर आडवी बसली. पाठ एका बाजूच्या दगडी गडग्याला, पाय दुसऱ्या बाजूच्या.

निशाण आधी आलं, मग ढोल-ताशे, मग गुलालाच्या ढगातून देवांची चांदीची रूपं, म्हणजे मुखवटे, लावलेली पालखी, नाचत, गिरक्या घेत. निशाणवाला थबकला. मागचा ढोल त्याच्या पाठीवर आदळला. एकेक वाद्य बंद पडत गेलं, आणि शेवटी एकट्या सनईलाच कळलं नाही म्हणून ती थोडा वेळ वाजत राहिली.

"बाजूला हो," रुपेश म्हणाला. पालखीची दांडी त्याच्या खांद्यावर होती.

"पालखी वर जाणार नाय. खाली सहाणेच्या चौथऱ्यावर न्या. वरच्या आळीचे लोक खाली येऊन दर्शन घेतील."

"डोकं फिरलं काय हिचं?" मागून कुणीतरी ओरडलं. "देवाची वाट अडवते!"

"बाईमाणूस वाटेत बसलंय आणि आपण बघत राह्यलोय!"

"उचला रे तिला!"

"उचला," वृषाली म्हणाली. "पुन्हा येऊन बसेन. नायतर माझ्यावर पाय देऊन जा. दादा, तू पुढं हायस. पहिला पाय तुझाच पडेल."

रुपेश हलला नाही. बाजूने एकजण वृषालीच्या दंडाला धरून ओढू लागला. तिने गडग्याचा दगड घट्ट पकडला. नखाखाली रक्त आलं. वरून, आळीतून, लोक डोकावू लागले होते. देव अडला, देव अडला, असा पुकारा वर गेला आणि माणसं पाखाडीने, शेतातून, बांधांवरून खाली धावू लागली. कुणी ताटं घेऊन, कुणी काठ्या घेऊन. दोघांनी सीताकाकूंना खाटेसकट उचललं होतं आणि काकू सगळ्यांत मोठ्याने शिव्या देत होत्या.

पालखीबरोबर चालणारे गुरवकाका म्हातारे आणि शहाणे होते. त्यांनी रुपेशच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि हात वर केला.

"पालखी जड झालीय," ते म्हणाले. "देवालाच वर जायचं नाय. त्याची इच्छा. चला, सहाणेवर."

गर्दीत सुटकेचा निःश्वास पसरला. देवाची इच्छा असेल तर कुणाचा अपमान नाही, कुणाची हार नाही. दंड धरणाऱ्याने वृषालीचा हात सोडला. तिला आता फक्त मान डोलवायची होती.

"जड नाय झाली," ती म्हणाली. "मी अडवली."

"अगो बाई," गुरवकाका हळूच म्हणाले, "वाट दिली तर घे की."

"नाय काका. आज देवाने थांबवली म्हटलं तर पुढल्या वेळी लोक देवाने थांबवायची वाट बघत बसतील. भुंगा काळा झाला म्हणून थांबवली. मी थांबवली. नाव माझं घ्या."

मग जो गोंधळ उडाला त्यात कोण काय बोललं ते नंतर कुणालाच धड सांगता आलं नाही. रुपेशने दांडी फिरवली एवढं नक्की. मागच्या भोयांना वळावंच लागलं. पालखी सहाणेच्या चौथऱ्याकडे निघाली आणि वरची आळी चिडून, रडून, बोटं मोडत तिच्या मागे. वृषाली पाखाडीवर बसूनच राहिली. परत वर जाऊ बघणाऱ्या प्रत्येकाला अडवत. एकाने तिच्या तोंडावर गुलाल फेकला. "गॅस चालू राह्यलाय" म्हणणाऱ्या वहिनीला तिने पदराला धरून खाली बसवलं.

सूर्य समुद्राकडे कलला होता. सहाणेवर आरती चालू झाली तेव्हा कड्यातून दगड फुटल्यासारखा एक आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग कडा बसला. कोसळला म्हणण्यापेक्षा बसला, थकलेलं माणूस भिंतीला टेकून घसरत खाली बसावं तसा. लाल चिखल घरांच्या मागच्या दारांतून आत आला आणि पुढच्या दारांतून बाहेर पडला. सीताकाकूंच्या ओटीवर, खाटेच्या जागी, बैलाएवढा जांभा येऊन थांबला.

आरतीतला एक माणूस टाळ्या वाजवतच राहिला होता. कुणीतरी त्याचे हात धरले.

त्याच रात्री रुपेशने सड्यावर जाऊन तळ्याचं पाणी पलीकडच्या ओढ्यात सोडायचा दरवाजा उघडला. परवानगी मागितली नाही. उघडून झाल्यावर कंपनीला कळवलं आणि नोकरी गेली. कंपनीने पत्रक काढलं, नैसर्गिक आपत्ती. चिखलातून पहिलं भांडं निघायच्या आधी वृषालीच्या फोनवर आदेश आला. सूचना डावलून सार्वजनिक शांतता बिघडवल्याबद्दल पाट्यांच्या कामावरून दूर. सही निमकर साहेबांची.

हे सगळं ती समजू शकत होती. दुसऱ्या दिवशी गावकी जमली आणि तिला सहाणेपुढे बोलावलं, तेव्हा मात्र ती हसली.

"हसू नको," एक मानकरी म्हणाला. त्याचं स्वतःचं घर चिखलात होतं. आदल्या दिवशीचेच कपडे त्याच्या अंगावर होते. "माणसं वाचली, ते खरं. तुझे उपकार हायत. पण देवाची वाट अडवली, तेही खरं. नारळ ठेवावा लागेल. गुरवकाका गाऱ्हाणं घालतील, चूक झाली म्हणून. रीत हाय ती."

"नारळ ठेवते," वृषाली म्हणाली. "गाऱ्हाणं मी घालणार."

"बायका गाऱ्हाणं घालत नायत."

"बायका पालखीपण अडवत नायत."

गुरवकाकांनी डोकं खाजवलं आणि बाजूला झाले. गाऱ्हाण्याची पद्धत अशी की एकाने देवाला साकडं घालायचं आणि प्रत्येक वाक्यामागे सगळ्या जमावाने "व्हय म्हाराजा" म्हणून हुंकार भरायचा. हुंकार भरला की ते बोलणं साऱ्या गावाचं होतं.

वृषालीने नारळ दोन्ही हातांत धरला.

"बा देवा म्हाराजा, हेदकोंडची सारी गावकी आज तुझ्यापुढं उभी हाय."

"व्हय म्हाराजा!"

"काल तुझी वाट मी अडवली."

"व्हय म्हाराजा!" हे जरा जास्तच जोरात आलं.

"त्याचा नारळ तुला आणलाय, तो मानून घे."

"व्हय म्हाराजा!"

"पण चूक झाली असं मी म्हणणार नाय. कडा पुन्हा काळा झाला तर पुन्हा अडवीन."

हुंकार आला नाही. ढोलावर हात ठेवून बसलेल्या पोरांनी एकमेकांकडे बघितलं. मानकऱ्याने मान खाली घातली. वृषाली थांबली. हुंकाराशिवाय पुढचं वाक्य बोलता येत नाही.

"व्हय म्हाराजा," मागून रुपेश म्हणाला. एकटाच. आवाज बसलेला होता.

"आणि मी नसेन तेव्हा," वृषालीने पुढचं वाक्य घेतलं, "जो कुणी असेल, बाई असो की बाप्या, त्याने इथं आडवं बसावं, आणि त्याला कुणी हात लावू नये, एवढी बुद्धी या गावाला दे म्हाराजा."

या वेळी वरच्या आळीने हुंकार दिला. आधी बायकांनी, मग बाप्यांनी, आणि सगळ्यांच्या शेवटी मानकऱ्याने, नाइलाजाने का होईना, पण तोंड उघडून.

गुरवकाकांनी नारळ फोडायला हात पुढे केला. वृषालीने तो दिला नाही. तिने स्वतःच सहाणेच्या दगडावर आपटला.